डावी बाही

आमच्या दुकानात पूर्वी शाळेचे गणवेश शिवले जायचे. आता सैनिकांचे शर्ट येतात. नवे नव्हेत, नवं कापड उरलंय कुठे? तिकडून फाटके शर्ट धुऊन येतात, आम्ही भोकं बुजवायची आणि परत पाठवायचे, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर. जगातल्या मोठ्या माणसांनी भांडायचं आणि टाके मी घालायचे! कोण कुणाशी लढतंय ते मला विचारू नका. रेडिओवर रोज एका नव्या देशाचं नाव सांगतात, आणि रोज आपणच जिंकतो. मग एवढी भोकं कुठून येतात, ते त्या बातम्या वाचणाऱ्या बाईनं एकदा माझ्या मशीनवर बसून सांगावं.

दुकानात आम्ही तिघी. मी मशीनवर, माझी सून इस्त्रीच्या टेबलावर आणि काजबटणवाली दाराशी. सून इस्त्री बरी करते. तोंडावर मी तसं म्हणत नाही, डोक्यावर बसेल. काजबटणवाली आता नुसतीच असते. नवरा गेल्याचं तिला इथेच कळलं, काम करता करता. सुई बोटात आरपार गेली तरी तिनं हात मागे घेतला नाही. तेव्हापासून बोलत नाही. हातात एक बटण घेते आणि ते फिरवत बसते. मी तिला घालवत नाही. घरी तरी कोण आहे तिचं?

सुनेचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. माझा धाकटा, म्हणजे हिचा नवरा, लढाईवर आहे. थंडी पडल्यापासून त्याचा निरोप नाही. ही रोज इस्त्री फिरवताना म्हणते, "आई, आज ना उद्या निरोप येईल."

"येईल. तू कॉलर जाळू नकोस," मी म्हणते.

धाकट्याचा डावा हात उजव्याहून दोन बोटं आखूड. लहानपणी कापड बेतायच्या टेबलावरून पडला आणि हाड बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं. पहिल्या भरतीला त्या हातामुळेच परत पाठवला. मी चारचौघांत चिडले, माझ्या मुलाला नावं ठेवतात म्हणून. मनातून मात्र त्या वाकड्या हाडाच्या पाया पडले. पुढच्या भरतीला कुणाचे हात बघायला कुणाला सवड नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी सरकारी शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला. डावी बाही पार बोटांवर आलेली. म्हणाला, "आई, असा गेलो तर शत्रू हसून हसून मरेल."

"मरू दे की. तेवढीच तुझी गोळी वाचेल."

सरकारी कापड कापायची सोय नाही. मी कफाच्या वर बाही आतल्या बाजूनं दुमडली आणि हातानं शिवली. शेवटचा टाका दुहेरी घेतला, माझ्या आईनं शिकवला होता तसा.

काल सकाळी शर्टांचा नवा गठ्ठा सोडला. एक शर्ट उचलला आणि डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. डावी बाही आखूड. आत माझे टाके, शेवटचा दुहेरी. खिशाखाली एक भोक, करंगळी जाईल एवढं. शर्ट उलटवला. पाठीच्या भोकात माझी अख्खी मूठ गेली.

सून इस्त्रीत पाणी भरत होती. रडायला सवड कुठली? एकच सुचलं. बाही सारखी केली की शर्ट कुणाचाही होईल. ब्लेड घेतलं, टाके उसवले, दुमड सोडली. मग ठिगळं लावली. पुढे लहान, मागे मोठं. शर्ट बाकीच्यांच्या मधोमध घातला आणि चळत इस्त्रीला दिली.

तिथेच चुकले. गणवेशांच्या दुमडी सोडून देण्यात माझा जन्म गेला. दर वेळी पोरांच्या आयांना बजावायचे, "आतला रंग उठून दिसेल हं, मग माझ्या नावानं ओरडू नका." आणि स्वतःच्या पोराच्या वेळी डोकं कुठे गेलं होतं? दुमडीतल्या कापडाला ऊन लागत नाही, धुण्याचं पाणीही नीट पोचत नाही. सगळा शर्ट विटून मातीच्या रंगाचा झालेला आणि डाव्या कफाच्या वर गर्द हिरवी पट्टी. कोरी करकरीत.

इस्त्रीचा आवाज थांबला.

"आई."

"काय गं? जाळलास ना?"

"ही पट्टी."

"सरकारी कापड ते. त्यात एक धड असतं का?"

ती पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. मग पुढचं ठिगळ पाहिलं. नको उलटवू, बाई, मी मनात म्हटलं. तिनं उलटवला.

ओरडली नाही. इस्त्री तिनं आधीच उभी करून ठेवली होती, नीट.

"किती विटलाय हो," ती म्हणाली. "खूप धुतलाय. म्हणजे बरेच दिवस घातला ना त्यानं?"

इकडे पाठवण्याआधी तिकडे शर्ट सोड्यात उकळतात. एका उकळीत वर्षाचा रंग जातो. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"हो," मी म्हटलं. "बरेच दिवस."

बाहेर गठ्ठे न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. मी म्हटलं, "हा राहू दे. जळला म्हणून सांगते त्याला."

"नको. थंडी आहे तिकडे." तिनं ती हिरवी पट्टी इस्त्रीनं सपाट केली, शर्टाची बटणं लावली, घडी घातली आणि गठ्ठ्यात ठेवला. वर दुसरे शर्ट ठेवले. गाठ मीच मारली.

गाडीवाला गठ्ठा उचलून निघाला तशी ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. पुढे गेली नाही. काजबटणवालीच्या शेजारी खाली बसली. काजबटणवालीनं तिच्याकडे पाहिलं नाही. डब्यात हात घालून एक बटण काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"आजी," गाडीवाला गाडीतून ओरडला, "उद्या दोन गठ्ठे आणतो. तिघींना होतील ना?"

मी दाराशी बसलेल्या दोघींकडे पाहिलं. सून बटण फिरवत होती.

"आण," मी म्हटलं.