पालुपद धरणारी

सातवीच्या वर्गात त्या दिवशी मिरचीचा उतारा होता. ब्याडगी मिरचीला रंग भरपूर, तिखटपणा कमी, म्हणून तिला दूरदूरून मागणी, एवढीच त्यातली मुख्य गोष्ट. बाकी सगळं तिच्या आधाराला आलेलं. कालवणाला लालभडक रंग येतो पण नाकातून पाणी येत नाही, तिचा अर्क लिपस्टिकमध्येही घालतात, असलं काही. वर्गाच्या बाई, महानंदा अक्कोर, यांनी सांगितलं होतं की उताऱ्याचा गाभा एका वाक्यात लिहा. मुलांनी लिहिलेलं वाचलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

मैलारीनं लिहिलं होतं, 'मिरची वाळवताना आळस करू नये.' शिवलीलाचं वाक्य होतं, 'देवानं प्रत्येकाला निराळा गुण दिला आहे, कोणी गर्व करू नये.' मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी एकमेकांचं बघून 'मोठ्यांचा मान राखावा' असं ठोकून दिलं होतं.

मुलांचा तरी काय दोष? कोडीहाळ गावचं पोर आईच्या मांडीवर असल्यापासून मठात कीर्तन ऐकतं. कथा राजाची असो की कुंभाराची, शेवटी बोध यायचाच, आणि तो ऐकून म्हाताऱ्या डोळे पुसायच्याच. त्या गोडीत वाढलेली ही मुलं कुठलाही मजकूर समोर आला की त्यातून बोध पिळून काढत. मजकूर मुळात काय म्हणतोय, ते बिचारं बाजूलाच राही.

"काय रे मैलारी, उताऱ्यात आळस कुठं आहे?"

"उताऱ्यात नाही अक्कोरे, आमच्या घरात आहे. अण्णा मिरच्या पसरतो आणि त्यांच्याशेजारी स्वतःच वाळत पडतो."

वर्ग खिदळला. अक्कोरही हसल्या. मग खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बरं, मला सांगा. कीर्तनात अज्जार एक दृष्टांत सांगून संपवतात. त्यानंतर काय होतं?"

"फक्कीरप्पा काका मागून पालुपद धरतात!"

"कशाला धरतात?"

"अज्जारांना पाणी प्यायला सवड मिळावी म्हणून," मैलारी म्हणाला.

"तेही खरंच. पण दृष्टांत कितीही लांब भटकून आला, तरी पालुपदाला येऊन मिळतो की नाही? मिळाला तर तो त्या कीर्तनाचा. नाही मिळाला तर कुणा दुसऱ्याच्या कीर्तनातून चुकून आलेला. उताऱ्याचंही तसंच. गाभा म्हणजे पालुपद. प्रत्येक वाक्यानंतर म्हणून बघा, जुळतं का."

मग मैलारीचं पालुपद लावून पाहिलं. एकानं वाचायचं, 'तिचा अर्क लिपस्टिकमध्ये घालतात,' आणि सगळ्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर, 'मिरची वाळवताना आळस करू नये!' वर्ग हसून लोळला, मैलारी सगळ्यात जास्त. मग 'रंग भारी, तिखट कमी, म्हणून मागणी' हे लावलं. वाक्यामागून वाक्य त्याला येऊन मिळू लागलं तसे मुलांचे चेहरे उजळले. अक्कोरना वाटलं, चला, आजची भाकरी गोड लागेल.

एवढ्यात शिवलीला उभी राहिली. "अक्कोरे, मग गेल्या सोमवारी अज्जारांच्या कीर्तनात पालुपद कुठं होतं? दृष्टांत सगळे छान होते. पण ते कशाचे होते, तेच कळलं नाही."

कुणीतरी शिवलीलाला चिमटा काढला. कारण ज्यांना सगळं गाव अज्जार म्हणे, ते वीरभद्रय्या शास्त्री म्हणजे महानंदा अक्कोरचे वडील.

"तुझं बरोबर आहे," अक्कोर म्हणाल्या. "बस खाली." आणि पुढचा धडा काढायला सांगून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पोरीनं फक्त तोंडानं म्हटलं. वर्गात जे त्या मुलांना शिकवत होत्या, ते घरी वडिलांना लावून बघायची छाती मात्र त्यांना झाली नव्हती.

घरी आल्या तेव्हा अप्पा ओट्यावर बसून रुमाल बांधत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अंग अजून ताठ, कपाळावर भस्माचे पट्टे ठसठशीत. डोक्याचा रुमाल कीर्तनाचा, बारा हातांचा, ते स्वतःच बांधत आणि एक पेच चुकत नसे.

"आलीस? तुझी अव्वा अजून नाही आली बघ."

महानंदानं दप्तर खुंटीला लावलं. "चहा ठेवते, अप्पा."

"हिरवं इरकल नेसून गेली. भाकऱ्या बांधून घेतल्या, शेंगांची चटणी घेतली. मी म्हटलं, दही नको, सांडेल. तरी घेतलं. बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि कंडक्टर म्हणाला, अव्वा, हात आत घ्या. बांगडी उन्हात चमकली बघ तिची. गदगला गेली एवढं आठवतं. पण कशाला गं गेली?"

महानंदाची आई, नीलव्वा, दवाखान्यात गेली होती. गेल्या पावसाळ्यात. परत आली ती चौघांच्या खांद्यावर जाण्यासाठी. मठाशेजारच्या जागेत तिला समाधी दिली तेव्हा अप्पांनी स्वतः बेलाचं पान ठेवलं होतं. त्यांना बांगडीचा उजेड आठवे, दह्याचं सांडणं आठवे. ती गेली हे तेवढं आठवत नसे. आठवण करून दिली की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे छाती पिटत, आणि संध्याकाळी पुन्हा वाट बघत. दोनदा असं झाल्यावर महानंदानं सांगणं सोडलं. ती चहा ठेवत असे, विषय बदलत असे.

तेवढ्यात फक्कीरप्पा आला. अज्जारांचा तबलजी. उभी हयात त्यांच्या मागं बसून काढलेला.

"काय सामी, नवरदेव बनून बसलाय जणू!"

"तुझ्या तबल्याचं लग्न लावायचंय. चाळीस वर्षं झाली, अजून सुरात येत नाही."

"तुमच्या आवाजाशी जमवून घेता घेता बिचारा बिघडला." फक्कीरप्पा हसत हसत आत आला आणि चुलीपाशी येताच त्याचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, "पोरी, मठाच्या स्वामीजींनी विचारलंय. श्रावणातला शेवटचा सोमवार. परगावचे लोक येतात. गेल्या खेपेला आपल्यांनी सांभाळून घेतलं. या खेपेला हावेरीचे शास्त्री यायला तयार आहेत. पण स्वामीजी म्हणाले, महानंदा म्हणेल तसं."

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला? सामी भर मांडवात हरवले, हे मला पुन्हा बघवणार नाही. मी पालुपद धरतो गं, पण माझा आवाज घोगरा. त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. नीलक्का होती तेव्हा गोष्ट निराळी. सामी कुठंही भटकले असोत, तिनं टाळ घेऊन पालुपद उचललं की वासरू गोठ्यात यावं तसे परत येत."

बाहेर अप्पा गुणगुणत होते. सोमवारी लावायचं पद. 'दिवा तुझा, वात तुझी, मी नुसता आडोसा.' आवाज तोच, भरलेला, देवघरातल्या घंटेसारखा. कीर्तन काढून घेतलं तर या माणसाकडं उरतं काय? एक ओटा आणि एक वाट बघणं. आणि नाही काढून घेतलं, तर ज्या मांडवानं आयुष्यभर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तोच मांडव तोंडाला पदर लावून कुजबुजणार. महानंदानं परमेश्वराचं नाव घेतलं.

"हावेरीच्या शास्त्र्यांना नको म्हणा. मी बसते मागं, अव्वाच्या जागी."

"आवाज तुझा तिचाच आहे," फक्कीरप्पा म्हणाला.

सोमवारी दुपारी प्रसादाच्या पंगती उठल्या आणि मठाचं अंगण भरून गेलं. सातवीतली निम्मी मुलं पुढं येऊन बसली होती. स्वामीजी आसनावर बसले. अज्जारांनी चिपळ्या उचलल्या, नमन म्हटलं, आणि पालुपद असं लावलं की मागं उभ्या राहिलेल्या बायका आपसूक खाली बसल्या.

कथा होती एका तेलिणीची. मठातला नंदादीप वाऱ्यानं विझू नये म्हणून जन्मभर हाताचा आडोसा धरून बसलेल्या बाईची. लोक विचारत, दिवा तुझा? ती म्हणे, नाही. तेल तुझं? ती म्हणे, तेही त्याचंच. मग तू कोण? अज्जारांनी हात असा पुढं धरला की समोर खरीच ज्योत असावी. महानंदानं टाळ वाजवून पालुपद उचललं. सगळा मांडव डोलला. तिला वाटलं, महादेवा, उगाच घाबरले मी.

"त्या बाईचा हात," अज्जार पुढं सांगू लागले, "पोळलेला, काळवंडलेला हात. त्या हातात एकच बांगडी. ती बांगडी उन्हात चमकली. कंडक्टर म्हणाला, अव्वा, हात आत घ्या."

तबला अडखळला. महानंदानं पालुपद उचललं. अज्जार थांबले, घोटभर पाणी प्याले, आणि खरंच परत आले. राजाचा शिपाई मठात आला, तेलिणीला उठवू लागला. पण शिपायाच्या मिशा, मिशांवरून गदगचा बाजार, बाजारातलं हिरवं इरकल, पदराला दह्याचा डाग. महानंदानं पुन्हा पालुपद धरलं. या खेपेला ते थांबले नाहीत. दही, चटणी, भाकऱ्या, एकामागून एक येत राहिलं, कशाला म्हणून येऊन मिळेना. परगावची माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणीतरी हसलं. पुढं बसलेल्या शिवलीलानं मान खाली घातली.

तेव्हा महानंदानं टाळ खाली ठेवला आणि नुसत्या गळ्यानं, आई उचलायची तसं, वरच्या सुरातून पालुपद सोडलं. 'दिवा तुझा, वात तुझी...'

अज्जारांच्या चिपळ्या थांबल्या. ते सावकाश मागं वळले. चेहऱ्यावर असा उजेड आला की बघणाऱ्यांना भडभडून यावं.

"नीले? आलीस?"

फक्कीरप्पानं तबल्यावर हात दाबून धरला.

"किती उशीर केलास गं. मी इथं एकटाच बोलतोय केव्हाचा."

आता काय म्हणायचं? 'अप्पा, मी महानंदा' म्हटलं असतं तर खरं झालं असतं. त्यामागोमाग अव्वा कुठं आहे, हा प्रश्न आला असता, आणि भर मांडवात तो माणूस छाती पिटत बसला असता. तिनं क्षणभर डोळे मिटले.

"आले," ती म्हणाली. "तेलिणीला शिपायानं उठवलं, तिथवर आलंय. पुढं सांगा. मी आहे मागं."

अज्जार मांडवाकडं वळले. त्यानंतर जे कीर्तन झालं, तसं कोडीहाळनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शिपाई हरला, राजा आला, वारा सुटला, तेलिणीचा हात गळून पडला आणि ज्योत तशीच राहिली. एक शब्द वाया गेला नाही. प्रत्येक दृष्टांत पालुपदाला येऊन मिळाला, आणि प्रत्येक वेळी मागून नीलव्वाचा आवाज आला. मंगलारतीला सगळं अंगण उभं राहिलं. स्वामीजींनी स्वतः उठून शाल घातली. मघाशी हसलेला माणूसही पाया पडून गेला.

फक्कीरप्पा तबल्याला गवसणी घालत होता, गाठ काही बसत नव्हती.

"पोरी, तू काय करून बसलीस, कळतंय ना तुला?"

"कीर्तन पूर्ण झालं ना, काका?"

"झालं. माझी नीलक्का असती तर तिनंसुद्धा..." त्यानं गाठ पुन्हा सोडली.

दिवस मावळायच्या सुमाराला बापलेक घरी आली. महानंदानं हातपाय धुतले, दिवा लावला, ताट वाढलं. अप्पा ताटावर बसले आणि हात तसाच राहिला.

"पोरगी कुठाय गं, नीले?"

महानंदानं टाकलेली भाकरी तव्यावर करपू लागली.

"महानंदा. शाळेतून आली नाही अजून? ती आल्याशिवाय मी जेवत नाही, तुला ठाऊक आहे."

"अप्पा..." असं तिच्या ओठांवर आलं. तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. ते दाराकडं बघत होते, तिच्या पलीकडं.

"फार राबते ती," अप्पा सांगू लागले. "लहानपणी माझ्या कीर्तनाला यायची, खांबाला टेकून झोपायची. पण घरी आल्यावर विचारलं, काय सांगितलं गं मी आज, की एका वाक्यात सांगायची. मोठमोठ्या शास्त्र्यांना जमत नाही ते. मी कधी तोंडावर म्हटलं नाही. दृष्ट लागते."

हे तिला कधीच ठाऊक नव्हतं. करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली आणि म्हणाली, "तुम्ही जेवा. पोरगी आली मघाशीच. जेवून झोपली."

अप्पांना ते पटेना. "काय जेवली?"

"भाकरी."

"नुसती भाकरी?"

"नाही. भरलं वांगं होतं. लाल मिरचीचा ठेचा घेतला थोडा. शेंगांची चटणी. वरून ताक प्याली."

एकेका पदार्थाला अप्पा मान डोलावत गेले. "ताक आंबट नव्हतं ना?"

"गोड होतं."

"मग बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पहिला घास मोडला.