बुजगावण्याच्या अंगातलं ब्लाऊज

अवकाळी वादळानं हदगावात माझ्या शिलाईच्या टपरीचे पत्रे उडवले, आणि पत्र्यांमागोमाग शिवून ठेवलेली एकवीस ब्लाऊजंही गेली. मशीन तेवढं राहिलं, कारण ते मी साखळीनं लिंबाला बांधून ठेवते. बांधलं होतं चोरांच्या भीतीनं, कामी आलं वादळात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावातले बाप्ये एकेक ब्लाऊज घेऊन येऊ लागले. कुणाला विजेच्या तारेवर सापडलेलं, कुणाला म्हशीच्या शिंगात. हातात धरायची इतकी लाज, की कुणी पेपरात गुंडाळून आणलं, एकानं तर जेवणाच्या डब्यात घालून. कुठलं कुणाचं ते मी नुसतं बघून सांगत होते. माझा नवरा अंगद हसून हसून खालीच बसला. संध्याकाळपर्यंत वीस परत आली.

राहिलं ते नेमकं नवरीचं. साक्षीचं, लाल, हिरव्या काठाचं. शालूतलाच पीस, दुसरा मिळायचा नाही. लग्न तीन दिवसांवर. तिची आई धुरपताबाई येऊन शांतपणे सांगून गेली, की ब्लाऊज मिळालं नाही तर गावातली एकही बाई माझ्याकडे कापड टाकणार नाही. आणि तिचं गावात ऐकतात. मग पत्रे तरी कशाला बसवायचे? मला रडूच फुटलं.

मोटारसायकलवर आम्ही दोन दिवस शिवार धुंडाळलं. शेवटी दगडोबामामांच्या भुईमुगात ते दिसलं, बुजगावण्याच्या अंगात. डोक्यावर मडकं, हात पसरलेले, आणि ब्लाऊज असं झकास बसलेलं, की मी आधी फिटिंगच बघत राहिले. मामा शेतात नव्हते. मी ब्लाऊज काढलं, बुजगावण्याला अंगदचा शर्ट चढवला आणि अंगदला बनियनवर गावात आणलं.

धुऊन, इस्त्री करून ब्लाऊज पोचतं केलं. कुठं सापडलं ते मात्र सांगितलं नाही.

अक्षता पडल्या. दगडोबामामा आहेर द्यायला नवरीसमोर गेले आणि तिथून हलेचनात. मी अंगदच्या मागं सरकले.

"हे तर माझ्या बुजगावण्याचं हाय," मामा म्हणाले. "वादळात उडून आलं, म्या त्याच्या अंगात घातलं, दोन दिस भुईमूग राखला. पर एक टाका उसवला न्हाई."

धुरपताबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग भर मांडवात लेकीची बाही ओढून ओढून तपासली. आधी साक्षीला हसू फुटलं, मग सगळ्या मांडवाला.

"माझे बी दोन शिव, गीतांजली," धुरपताबाई म्हणाली. मला तिच्या गळ्यातच पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बिनपत्र्याच्या टपरीपुढं बायांची ही रांग. सगळ्यात पुढं दगडोबामामा, हातात लाल कापड. मामींसाठी का, म्हणून मी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "तुझ्या नवऱ्याच्या शर्टाला कावळे भीत न्हाईत."

मी त्यांचंच कापड आधी कापायला घेतलं. माप विचारावं लागलं नाही.