अंतिम सामन्यात वर गेलेला झेंडा

मी फुटबॉलच्या मैदानावरचा एक झेंडा बोलतोय. हातभर काठी आणि तिला लावलेलं लाल-पिवळं कापड, एवढाच माझा देह. मैदानाच्या कडेच्या रेषेवर एक पंच असा झेंडा घेऊन नव्वद मिनिटं पळत असतो. टीव्हीवर सामना बघताना तुमचं त्याच्याकडे लक्षही जात नसेल. माझा धनी गोटीराम याने हे काम बरीच वर्षं केलं आणि मी त्याच्या मुठीत होतो.

माझा जन्म १९९४ सालचा, एकलहऱ्याजवळच्या एका मळ्यातला. मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवणारं ते घर. गोटीराम वीज केंद्रात कोळशाच्या विभागात नोकरीला होता. लहानपणी देवळाली कॅम्पात जवानांचे सामने बघून त्याला फुटबॉलचं वेड लागलं. पुढे खेळताना गुडघा दुखावला, डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला, तेव्हा त्याने पंचांची परीक्षा दिली. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची आई वत्सलाबाई मला शिवायला बसली.

"तू खेळनार नाय?" तिने मशीन थांबवून विचारलं.

"नाही आई."

"गोल मारनार नाय?"

"चेंडूला पायसुद्धा लावायचा नाही."

"आन् पळायचं मातुर त्यांच्याएवढंच?"

"हो."

तिने दाताने दोरा तोडला आणि मला त्याच्या हातात दिलं. "लय येगळा खेळ हाय बाबा तुझा," ती म्हणाली.

मलाही तो वेगळाच वाटला. माझं मुख्य काम ऑफसाइड दाखवण्याचं. चेंडू पुढे मारला जातो त्या क्षणी हल्ला करणारा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्याही पुढे असला, तर मी वर जायचं. मग गोल झाला तरी तो धरत नाहीत. हे बरोबर दिसायला पंच त्या बचावपटूच्या अगदी सरळ रेषेत असावा लागतो. बचावपटू पळाला की पंचही पळाला. मी वर गेलो की अर्धे लोक टाळ्या वाजवत आणि अर्धे शिव्या देत. पाहिलेलं एकच, मग दोन गटांना दोन गोष्टी कशा दिसतात, याचं मला फार कुतूहल वाटे.

गोटीरामची नजर तयार होत गेली. नाशिकचे सामने झाले, मग राज्याचे, मग देशभरातले. एक दिवस पत्र आलं. राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्याला त्याची रेषेवरचा पंच म्हणून निवड झाली होती. देशातल्या वरच्या श्रेणीचे दोन क्लब समोरासमोर येणार होते, एक गोव्याचा आणि एक कोलकात्याचा. सामना कोलकात्यात, म्हणून पंच तिसऱ्याच राज्यातले हवे होते. वीज केंद्रातला त्याचा सोबती भारत याने त्याच्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या. नाशिक रोडला हावडा मेलमध्ये बसवताना तो म्हणाला, "आमची अख्खी कॉलनी टीव्हीसमोर असणार. तू दिसला पाहिजे हां!"

ते मैदान मी कधीच विसरणार नाही. इतकी माणसं एका जागी मी पाहिली नव्हती. ओरडा झाला की माझी काठी थरथरायची. गोव्याने पूर्वार्धातच एक गोल केला. त्यानंतर कोलकात्याचा संघ एकसारखा चढाई करत राहिला, पण गोल होईना.

तीनच मिनिटं उरली होती. मैदानाच्या मधून एक लांब चेंडू उडाला. कोलकात्याचा सुबीर नावाचा आघाडीचा खेळाडू सुसाट निघाला. गोव्याचा बचावपटू पळाला, गोटीरामही पळाला, आणि त्याच क्षणी त्याचा जुना गुडघा आखडला. दोनच पावलं. तो दोन पावलं मागे राहिला. सुबीरने चेंडू जाळ्यात मारला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि मी वर होतो.

मुख्य पंच धावत आले. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की," गोटीराम म्हणाला.

गोल रद्द झाला. आमच्यावर बाटल्या आल्या, चपला आल्या. सुबीर गवतावर गुडघे टेकून बसला. तीन मिनिटांनी शिट्टी वाजली आणि चषक गोव्याकडे गेला. पंचांच्या खोलीत सगळ्यांनी गोटीरामची पाठ थोपटली. एवढ्या लोकांसमोर झेंडा वर करायला छाती लागते, असं ते म्हणत होते. गोटीरामला मात्र मला खाली ठेवायचंही सुचलं नाही.

नाशिक रोडला भारत हार घेऊन आला होता. "काय डेअरिंग केलंस! टीव्हीवर चार वेळा दाखवलं. कोण पुढे, कोण मागे, काहीच कळत नाही. म्हणजे तू बरोबर!" आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीसाठी आता गोटीरामचं नाव जाणार, अशीही बातमी होती.

घरी आल्यावर दोन रात्री तो नुसता कूस बदलत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको मंजुषा मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, "जिंकून आल्यासारखे दिसत नाही तुम्ही."

"मी रेषेत नव्हतो, मंजू. गुडघा अडकला. तिरकं दिसलं आणि हात वर गेला."

"मग तो ऑफसाइड नव्हता?"

"असेल. नसेलही. मला माहीत नाही. आणि मी 'नक्की' म्हणालो."

"तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"नाही. टीव्हीवर फक्त खेळाडू दिसले. मी कुठे होतो ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही."

मी खुंटीवरून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मलाही ठाऊक आहे. मंजुषाने दोन-तीन जुड्या बांधल्या. मग म्हणाली, "कळवायचं असेल तर कळवा. पण सरळ लिहा. रडगाणं नको."

त्याने पंच समितीला पाच ओळींचं पत्र लिहिलं: मी दोन पावलं मागे होतो, मला स्पष्ट दिसलं नव्हतं, तरीही मी नक्की म्हणालो. निकाल काही बदलला नाही. बदललं ते गोटीरामचं. यादीसाठी त्याचं नाव गेलं नाही आणि पुढच्या मोसमात राष्ट्रीय सामन्यांची पत्रंही यायची थांबली. भारत त्याच्यावर फार चिडला. "वेडा आहेस का? न विचारता कोण सांगतं असं?" यावर गोटीराम नुसता हसला. त्याची झोप मात्र परत आली, हे मंजुषाने भारतला सांगितलं.

पुढे काही वर्षं आम्ही नाशिकच्या मैदानांवर उभे राहिलो. गुडघा अगदीच ऐकेना, तेव्हा त्याने ते काम सोडलं. नवीन पंचांना तो शिकवू लागला आणि मी खुंटीवरच राहिलो.

२००८च्या थंडीत एका सकाळी मळ्यासमोर भाड्याची गाडी थांबली. पोट सुटलेला एक गृहस्थ आणि त्याची बायको उतरली. त्र्यंबकेश्वरला निघाले होते, त्याआधी पत्ता शोधत इकडे आले होते. गोटीरामने त्याला लगेच ओळखलं. तो सुबीर होता.

त्यांचं बोलणं हिंदीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो. चहाचा कप हातात तसाच धरून सुबीर म्हणाला, "भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय. त्या दिवशी मी पुढे होतो का?"

"मला माहीत नाही," गोटीराम म्हणाला, आणि त्याने गुडघ्याचं, दोन पावलांचं, पत्राचं सगळं सांगितलं.

सुबीरने कप खाली ठेवला. त्याची बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की माझा गोल लुबाडला. हिलासुद्धा. खरं सांगू? चेंडू निघाला तेव्हा मी चेंडूकडे बघत होतो. माझे पाय कुठे होते, ते मलाही माहीत नाही."

तेवढ्यात वत्सलाबाई काठी टेकत बाहेर आली. "कोन हाय रं?"

"आई, माझ्यामुळे याचा गोल गेला होता."

"आन् तू त्याला नुसत्या च्यावर बोळवतोस?" असं म्हणून ती आत वळली आणि तिने मंजुषाला भाकरी टाकायला सांगितलं.

जेवण होईपर्यंत दोघांना दम निघेना. सुबीरने मला खुंटीवरून काढायला लावलं आणि आम्ही मेथीच्या वाफ्यांत गेलो. पाण्याची बादली म्हणजे गोव्याचा बचावपटू. गोटीराम सुबीर झाला आणि सुबीर मला घेऊन बांधावर पंच झाला. "तू बादलीच्या इकडे होतास!" "नाही, अजून पुढे!" बादली चार वेळा हलली. मग गोटीराम ओरडला, "आता दोन पावलं मागे जा आणि मी निघालो की पळ!"

गोटीराम लंगडत धावला. सुबीर बांधावरून पळाला, मला वर करायला गेला आणि मधेच थबकला. मी त्याच्या छातीपाशी अडकलो.

"अरे गोटीराम," तो धापा टाकत म्हणाला, "इथून तर काहीच दिसत नाही!"

दोघं बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आज माझा लाल रंग विटला आहे, पिवळा पांढुरका झाला आहे, कापड काठीवरून निसटतं आहे. तो सुबीर पुढे होता की मागे, हे मला शेवटपर्यंत कळणार नाही. तुमच्याकडे एकच मागतो. पुढच्या वेळी रेषेवरचा झेंडा वर गेला, तर ओरडण्याआधी तो धरणाऱ्या माणसाचे पाय कुठे आहेत ते एकदा बघा.