मार्था टीचरचे दहा सेकंद

मित्रांनो, माझी उजवी बिजागरी काळ्या चिकटपट्टीने बांधलेली आहे. माझा पंखा सुरू झाला की घरातली मांजर दचकून बाहेर पळते. मी एक जुना लॅपटॉप आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वटार गावात, केळीच्या बागेला लागून असलेल्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला म्हणतात. मला मात्र खरी जाग आली ती मार्था टीचरच्या हाताखाली. गावच्या शाळेत त्या चौथीच्या मुलांना शिकवत. मी घरी आलो तेव्हा त्यांना माझं नाव घ्यायचीही धास्ती वाटे. पण महिन्याभरात त्या स्लाइड बनवायला शिकल्या आणि मग काय विचारता! अक्षरं गिरक्या घेत यायची, चित्रं उड्या मारायची, प्रत्येक स्लाइडला टाळ्यांचा कडकडाट. मुख्याध्यापक श्रीरंग सरांनी एकदा पाहिलं आणि हसत म्हणाले, "टीचर, हा पाठ आहे की लग्नाची वरात?"

टीचर आधी रुसल्या, मग शहाण्या झाल्या. एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवू लागल्या. फोटो स्वतःच्या बागेतले, पाटाच्या पाण्याचा आवाज बागेतलाच, आणि केळीचा घड उतरवतानाचा व्हिडिओ त्यांचे यजमान रेमंड यांचा. शिवाय प्रत्येक पाठाचं हँडआउट छापत. कागदाच्या डाव्या बाजूला तीन छोट्या स्लाइड आणि उजवीकडे मोकळ्या ओळी. "ह्या ओळी तुमच्या," त्या मुलांना सांगत. "माझं मी डावीकडे लिहिलंय." त्या दिवसांत माझे फार लाड होत. माझ्यावर धूळ बसलेली त्यांना खपत नसे.

मग त्यांचा आवाज बसू लागला. घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे मिळाले, त्यात त्यांनी बसक्या आवाजात पाठ रेकॉर्ड केले आणि एकेका स्लाइडला आवाज जोडला. गंमत अशी, की प्रश्न विचारून झाला की त्या "सांगा बघू" म्हणत आणि दहा सेकंद गप्प बसत. मुलांना उत्तर द्यायला वेळ नको? मग म्हणत, "शाब्बास!" समोर मुलं नव्हती, मी एकटाच होतो. तरी ते शाब्बास इतकं मनापासून असे की माझाच ऊर भरून येई.

ऑपरेशन झालं. टीचर वाचल्या, आवाज गेला. मला कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली ठेवलं गेलं. चार महिने मी अंधारात होतो आणि घरात वहीवर पेन्सिल फिरल्याची खसखस तेवढी ऐकू यायची.

एका दुपारी त्यांनी मला बाहेर काढलं. मी हरखलो. पण त्यांनी स्लाइड उघडल्याच नाहीत, चार ओळींचा अर्ज टाइप केला. राजीनामा! छापून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात रेमंड बागेतून आले. शाळा पाचवीत सोडलेला माणूस, माझ्याशी त्यांचा संबंध पुसण्यापुरता. फडक्याने पुसताना चुकून बटणांना हात लागला आणि केळीचा पाठ सुरू झाला.

"सांगा बघू," मार्था टीचरचा आवाज घरात घुमला, "केळीचं खोड हे खरं खोड असतं का?"

रेमंडनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून ठणकावलं, "असतंच की! जन्मभर मी काय कागद तोडतोय?"

दहा सेकंद संपले. "शाब्बास! नसतंच मुळी. ती पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते."

रेमंड डोळे पुसावे लागेपर्यंत हसले. स्वयंपाकघरात मात्र चहा उतू गेला. टीचर दारात उभ्या होत्या. चार महिन्यांनी स्वतःचा आवाज ऐकत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मलाही फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

त्या दिवसापासून जेवण झालं की रेमंड माझ्यासमोर बसत. तोच पाठ, तेच प्रश्न. ते त्या दहा सेकंदांत उत्तर देत आणि शाब्बासकी घेऊन बागेत जात. एकदा म्हणाले, "मार्था, तुझा आवाज यात हाय. शाळेत तू फक्त उभी रा, बाकी हा बोलंल." टीचरनी वहीवर लिहिलं, 'एकदा करून बघते. नाही जमलं तर त्याच दिवशी अर्ज देणार.'

तो दिवस आला. रेमंडनी मला स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये सांभाळून शाळेत नेलं. प्रोजेक्टर जोडला, भिंतीवर केळ उभी राहिली. मुलांनी हँडआउट हातात घेतली. पहिली स्लाइड मी छान बोललो. दुसरीला माझ्या स्पीकरमधून खरखर आली आणि तो कायमचा बंद पडला. मित्रांनो, इतकी वर्षं इमानाने काम केलं आणि नेमका त्या वेळी मी दगा दिला! इतकी लाज मला कधी वाटली नाही. श्रीरंग सर हळूच म्हणाले, "टीचर, उद्या दुसरा स्पीकर आणू." टीचरनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा हात पर्सकडे गेला.

तेव्हा शेवटच्या बाकावरून रेमंड उठले.

"पोरांनो," ते चाचरत म्हणाले, "ही केळ. हिला पानी लय लागतं, पन पान्यात उभी केली तर कुजते." टीचरच्या पाठातलं वाक्य होतं, फक्त रेमंडच्या बोलीत. टीचरनी चमकून पाहिलं आणि स्लाइड पुढे केली. रेमंड पुढचं बोलले. सगळा पाठ त्यांना तोंडपाठ होता! मग प्रश्न आला. "आता सांगा बघू, हिचं खोड खरं खोड असतं का?" आणि ते बोटांवर दहा मोजू लागले.

"नसतं! पानांची गुंडाळी असते!" पुढच्या बाकावरची प्रियल ओरडली.

रेमंड गप्प. प्रियलचा चेहरा पडला, चुकलं की काय! अहो, चुकलं नव्हतं. पण घरी शाब्बास नेहमी रेमंडनाच मिळायचं. ते आपण द्यायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं! ते आपले शाब्बासकीची वाट बघत उभे.

टीचरचा हात पर्समधून बाहेर आला. त्यांनी एक नवी कोरी स्लाइड उघडली आणि माझ्या बटणांवर त्यांची बोटं चालली. भिंतभर अक्षरं उमटली. चाळीस मुलांनी ती एका आवाजात वाचली, "शाब्बास!"

मग प्रत्येक उत्तराला तेच. शेवटचा प्रश्न होता, "घड उतरला की ती केळ संपते. मग बाग कशी टिकते?" मुलं ओळींवर लिहू लागली. रेमंड म्हणाले, "मला बी एक पत्रक द्या की." पण हँडआउट संपली होती. टीचरनी पर्समधला अर्ज काढला, उलटा केला आणि कोरी बाजू त्यांच्यासमोर ठेवली. पाचवीनंतर पहिल्यांदाच बाकावर बसून त्यांनी लिहिलं, 'बुंध्याशी नवे कोंब, मुनवे फुटतात. त्यांना जपायचं.'

अर्जाचं टीचरनी श्रीरंग सरांना आधीच चिठ्ठीने कळवलं होतं. सुट्टीत त्यांनी विचारलं, "टीचर, आज काहीतरी अर्ज देणार होतात ना?"

"तो माझ्याकडं हाय," रेमंड कागद खिशात घालत म्हणाले. "त्यावर माझं उत्तर लिवलंय, मी नाय देनार."

माझा स्पीकर पुन्हा सुरू झाला नाही. टीचरचे पाठ आता दोन पेनड्राइव्हवर उतरवलेले आहेत, आणि माझ्याकडे स्लाइड बनवण्याचं काम राहिलं आहे. मुलांनो, आपल्या माणसांचे आवाज एकाच जागी ठेवू नका, आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांचा भरवसा नसतो. आम्हाला अधूनमधून पुसत जा, उशांखाली कोंडू नका. आणि कुणी तुम्हाला प्रेमाने काही विचारून थांबलं, तर ते दहा सेकंद रिकामे जाऊ देऊ नका. उत्तर चुकलं तरी चालेल. रेमंडचंही चुकलं होतं.