दिवा विझवायचं काम

जीवनने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि टेबलाभोवतीचे सगळे त्यात खोचलेल्या कार्डाच्या टोकावरच्या हिरव्या दिव्याकडे बघू लागले. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. टाळ्या पडल्या. साधनानेही वाजवल्या, पण तिची टाळी सगळ्यांच्या मागून आली आणि सगळ्यांच्या आधी थांबली.

"हे खरं काम," ज्ञानेश सर म्हणाले. "गुरुवारी तैपेईवाल्यांचा माणूस पुण्याहून येतोय. त्याच्यासमोर असंच झालं, तर जीवन, तू तैपेईच्या तयारीला लाग. एकालाच बोलावलंय त्यांनी."

जीवन लाजून मान खाजवू लागला. साधना टेबलावरची वायर गुंडाळू लागली. ती वायर गुंडाळायची काही गरज नव्हती.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली ही ज्ञानेश सरांची छोटीशी कंपनी. तैपेईची एक कंपनी बिनतारी इंटरनेटची कार्डं बनवायची. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, इथे लिहिला जायचा. त्याचा सुरुवातीचा अर्धा भाग साधनाचा. कार्ड जागं करायचं, आसपासचं नेटवर्क शोधायचं, जोडून द्यायचं. गेल्या वर्षी हाच दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा सरांनी पेढे वाटले होते. नंतर तैपेईहून तक्रारी आल्या, की लॅपटॉप झोपवला तरी कार्ड जागंच राहतं आणि सकाळपर्यंत बॅटरी खाऊन टाकतं. तेव्हा बंद करायचं काम नव्याने आलेल्या जीवनकडे गेलं. घोटीहून रोज एसटीने येणारा, चोवीस वर्षांचा, चार माणसांत बोलायला संकोचणारा मुलगा. आता दिवा लावणारीला पेढे आणि विझवणाऱ्याला विमान, असा न्याय झाला होता. आणि साधनाला तो आतून कुरतडत होता.

त्यातही जास्त झोंबत होतं ते वेगळंच. बंद कसं करायचं, हे जीवनला तिनेच शिकवलं होतं.

तिच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात रविवारची वंदना झाली की सोमाबाबा कुलूप घेऊन दाराशी उभे राहत. आत डोकावत नसत. बाहेरच्या चपला बघत. एक जोड जरी उरला, तरी आत कुणीतरी आहे, थांबायचं. हीच गोष्ट तिने जीवनला सांगितली होती. कार्डाकडून काम करून घ्यायला जो जो आत येईल, त्याने मोजणी एकने वाढवायची. काम संपवून जाताना एकने कमी करायची. बंद करायची वेळ आली की नव्याने कुणाला आत घ्यायचं नाही, आतल्यांचं उरकू द्यायचं, मोजणी शून्यावर आली की नेटवर्कचा निरोप घ्यायचा आणि मगच वीज काढायची. घाई केली तर आतला माणूस कुलपात अडकतो, आणि मग अख्खी मशीन कोलमडते.

"म्हंजे चपला मोजायच्या," जीवन तेव्हा म्हणाला होता. "हे लय भारी हे, मॅडम."

त्या संध्याकाळी घरी आई भाजी निवडत बसली होती. शेजारची फुलाबाई मदतीला होती.

"कधी निघायचं मग?" फुलाबाईने विचारलं. "तुझी आई सांगत होती, विमानाने जायचंय म्हणून."

"अजून ठरलं नाही, मावशी."

"ठरेल की. दुसरं कोण आहे तिथं तुझ्याएवढं शिकलेलं?" आई म्हणाली.

साधनाने पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि आत गेली. जीवनचं नाव सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते नाव घरात आणायचीही तिची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती जीवनचं चुकतंय कुठे ते शोधायला लागली. स्वतःशी तिने त्याला 'शेवटची तपासणी' असं नाव दिलं. नाशकात तेव्हा भारनियमन चालू होतं. ठरल्या वेळी वीज जायची, जनरेटर सुरू व्हायचा, तेवढ्यात नेटवर्क पुरवणारा राउटरचा डबा बंद पडून पुन्हा उठायचा, आणि तो पुरता जागा होईपर्यंत कार्डाचा जोडायचा पहिला प्रयत्न हटकून फसायचा. दुसरा लागायचा. अशा वेळी जीवनचा प्रोग्राम गडबडेल, असा तिचा होरा होता. गडबडला नाही. दिवा प्रत्येक वेळी गुमान विझला.

मग काय होतं ते नीट समजावं म्हणून तिने स्वतःचा जुना भाग उघडला. पहिला प्रयत्न फसला, की तिचा प्रोग्राम मधूनच मागे फिरत होता आणि जाताना मोजणी कमी करायचं विसरत होता. चपलांचा एक जोड दाराबाहेर कायमचा राहत होता. चूक तिची होती, आणि वर्षभर तशीच पडून होती.

मोजणी शून्यावर येणारच नसताना जीवनचा दिवा विझतो कसा, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. दुसऱ्याचं कुसळ शोधायला निघालेल्या माणसाला स्वतःचं मुसळ सापडलं, की ते आधी लपवायची घाई होते. जीवनच्या हे लक्षात आलं तर तो सरांसमोर बोलेल, टाळ्या पुन्हा त्यालाच पडतील, एवढंच तिला दिसलं. गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली, राहिलेली एक ओळ लिहिली, 'किरकोळ साफसफाई' अशी नोंद करून टाकली आणि कुणाला काही बोलली नाही. आपण काही वाईट केलेलं नाही, उलट सुधारलंच आहे, असं तिने स्वतःला बजावलं. ते खरंही होतं.

पुण्याचा माणूस उंच, अबोल आणि घड्याळाकडे बघणारा निघाला. जीवनने सकाळच्या ताज्या प्रोग्रामवर लॅपटॉप तयार केला. चहा येतोय तेवढ्यात वीज गेली.

"हे आमचं रोजचंच," सर हसून म्हणाले. "उलट बरं झालं, खरी परिस्थिती बघायला मिळेल."

जनरेटर घरघरला. पहिला प्रयत्न फसला, दुसरा लागला. हिरवा दिवा उजळला. जीवनने लॅपटॉप झोपवायचं बटण दाबलं, आणि पडदा काळा व्हायच्या ऐवजी निळा झाला. वरपासून खालपर्यंत पांढरी अक्षरं. मशीन कोलमडली होती.

जीवन वाकून ती अक्षरं वाचत राहिला. मग त्याने मान वळवली.

"मॅडम, तुमच्या भागात आज काय बदललंय का?"

"नाही," साधना म्हणाली. विचार करायच्या आत शब्द तोंडातून गेला होता.

जीवनने तिच्याकडे क्षणभर बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मंग माझंच चुकलंय, सर," तो म्हणाला. "बघतो मी."

सरांनी प्रसंग सावरला. साधनाला पुढे बोलावलं, तिचा सुरुवातीचा भाग दाखवायला लावला. ती न अडखळता बोलली. पाहुण्याने पहिल्यांदा मान डोलावली आणि दोन प्रश्न विचारले, दोन्ही तिलाच. दुपारी पाहुण्याला घेऊन बाहेर पडताना सर तिच्या टेबलाशी थांबले.

"तैपेईला तूच जा. तिथे बसून बंद करायचंही तूच बघ. व्हिसाला फोटो लागतील, आजच काढून टाक."

हवं होतं ते मिळालं होतं. साधनाने आईला फोन लावायला घेतला आणि लावला नाही. त्याऐवजी तिने जीवनचा भाग उघडला. त्याचं नक्की काय चुकलं ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे आईला फोन लावता येईल, असं तिला वाटलं.

चुकलं काहीच नव्हतं. बंद करायच्या अगदी आधी त्याची एक छोटी ओळ होती. पहिला प्रयत्न फसला असेल, तर मोजणी एकने कमी कर. तिचा विसरलेला जोड तो रोज निमूटपणे उचलून ठेवत होता. आज तिने स्वतःचा जोड स्वतः उचलला, आणि त्याच्या हाती आत असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या चपला आल्या. बाहेर एकही जोड उरला नाही असं मोजणीत दिसलं, आणि आत माणूस असतानाच त्याच्या प्रोग्रामने कुलूप लावलं.

तिला एकदम आठवलं. पावसाळ्यात जीवन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. "मॅडम, पयला प्रयत्न फसला ना, का मोजणी एकने जास्त राहते," असं काहीतरी म्हणाला होता. तिने मागे वळूनही न बघता सांगितलं होतं, "माझ्या भागाला हात लावायचा नाही. तुझं तू बघ."

त्याने त्याचं तो बघितलं होतं.

साधनाने पर्स उचलली. फोटो स्टुडिओ उघडा असेल अशी वेळ होती. ऑफिसच्या दाराबाहेर, जिथे सगळे पायताण काढून आत जात, तिथे आता दोनच जोड होते. एक तिचा. दुसरे जीवनचे बूट, घोटीच्या लाल मातीने कडा रंगलेले. तो आत लॅबमध्ये बसून न केलेली चूक शोधत होता. किंवा शोधतच नव्हता; सकाळी कुणी काय बदललं ते कुणालाही बघता येत होतं, आणि त्याला ते आत्तापर्यंत दिसलं असणार. तरी तो सरांकडे गेला नव्हता. तिला त्याचा पुन्हा हेवा वाटला, आणि हा हेवा तैपेईचा नव्हता.

तिने एका पायात चढवलेली चप्पल काढली आणि आत गेली.

जीवन लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर तिची सकाळची ओळ होती. तिला बघून त्याने झाकण अर्धवट मिटलं.

"मी माझी ओळ काढून टाकलीय, मॅडम. आता नाय पडणार मशीन."

"सरांना फोन लाव."

"ऱ्हाऊ द्या ना. ते पाव्हण्यासोबत असतील. मिटलंय आता."

"लाव म्हटलं ना. आणि मला दे."

त्याने ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले, मग सरांचा खुशीतला आवाज.

"बोल साधना. फोटो काढलेस?"

"नाही, सर," ती म्हणाली. जीवन मान खाली घालून टेबलावरची वायर गुंडाळू लागला होता. "जीवनला सांगा काढायला. का ते मी सांगते."