दमली असशील, झोप

वाटाण्याएवढा सूर्य, पिवळाधमक, दोन्ही गाल वर चढवून हसणारा... टॅबलेटच्या काचेवर पिठाचं बोट लागलं होतं, त्या डागाच्या आतच तो उगवला आणि मेरवीने आधी तो पुसायलाच घेतला. पुसला जाईना. मग तिने चष्मा लावला. 'पिल्वी, दोन नंबरच्या पंपाचा आवाज जरा ऐकशील का? सावकाश, घाई नाही.' आणि पुढे तो सूर्य.

टॅबलेट नवऱ्याचा, वेसाचा, जुना. स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ ऐकायला ठेवलेला. काल मुलीने येऊन त्यात काहीतरी नवं बसवून दिलं होतं, आणि आज सकाळी वेसाच्या फोनवरचे मेसेज त्यात उमटायला लागले होते. वेसा मात्र इथे नव्हता. तो गोठलेल्या आखातात, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर होता, मुख्य इंजिनिअर. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी, अशी सव्वीस वर्षं. आज दुपारी चारला केमीच्या बंदरावर उतरायचा होता. पिल्वी ही जानेवारीत आलेली, त्याच्या हाताखालची दुसरी इंजिनिअर. 'नवीन बाई आलीय. शिकेल,' एवढंच तो तिच्याबद्दल बोलला होता, सॉनाच्या वाफेत बसून, निखाऱ्यांकडे बघत.

वाचू नये हे मेरवीला कळत होतं. ती काम करते त्या ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांत लोकांची पत्रं राहून जातात, ती न वाचता पाकिटात घालून ठेवते, नव्या मुलींनाही तेच शिकवते... आणि तिचं पिठाचं बोट काचेवरून वर सरकत होतं, मार्चमधून फेब्रुवारीत. वेसा आणि पिल्वीच्या कामाच्या पाळ्या उलट्या, एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो, म्हणून हे लिहिणं. व्हॉल्व्ह, तेल, गाळणी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी काही ना काही: हसरा चेहरा, वर केलेला अंगठा, सूर्य. एकदा तर चक्क हृदय. लाल नव्हे, निळं, पण हृदयच.

माझ्या वेसाला हे येतं?

मेरवीला आलेले मेसेज तिला पाठ होते. 'पोचलो.' 'बरं.' 'उद्या चार. बंदर.' पुढे एक टिंब, दाराला कडी घालावी तसं. तिने कधी तक्रार केली नव्हती. उलट बायका आपापल्या नवऱ्यांचे लांबलचक मेसेज वाचून दाखवायच्या तेव्हा तिला त्यांची थोडी कीवच यायची. त्या 'पोचलो'मध्ये काय काय असतं हे तिला एकटीला ठाऊक होतं.

आणि मग ती ओळ आली. फेब्रुवारीची बारा तारीख. 'दमली असशील. झोप. पाळी मी बघतो.' त्यापुढे सूर्य नव्हता, चेहरा नव्हता. नुसतं टिंब.

ओव्हनमधला वेलचीचा पाव खालून करपला होता.

दिवसभर ग्रंथालयात ती पुस्तकं जागेवर लावत राहिली, चुकीच्या जागी लावत राहिली. दमली असशील... म्हणजे त्याने पाहिलं होतं. डोळ्यांखाली, चालण्यात, कुठेतरी. सव्वीस वर्षांत मी दमले नाही? मुलगी लहान असताना, आईच्या आजारपणात? पिल्वी कशी दिसत असेल हे तिला ठरवता येईना. तिने तिला आधी सोनेरी केसांची केली, मग काळ्या, मग हसताना मान मागे टाकणारी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमधलं गुरुवारचं वाटाण्याचं सूप निवत असताना, तिने वेसाला मेसेज लिहायला घेतला. आधी लांब लिहिला, पुसला. मग प्रश्न लिहिला, पुसला. नेहमी ती लिहायची: येते, सूप करून ठेवते, टोपी घाल, वारा आहे, छतावरचा बर्फ काढायचाय. त्यातलं एकेक तिने उपटून टाकलं. टोपी काढली, सूप काढलं. वीस मिनिटांनी उरलं ते इतकं गार होतं की पाठवताना तिचीच बोटं आखडली. 'ठीक. येते.'

उत्तर लगेच आलं. 'बरं.'

बंदरावर वजा पंधरा होतं आणि डोळे दिपतील असं ऊन. जहाज धक्क्याला लागलेलं होतं. वेसा नव्या पाळीच्या माणसाला इंजिन समजावून देत असणार. तो नेहमी शेवटी उतरायचा. आधी एक ठेंगणी, चष्म्यातली बाई उतरली. नाक लाल झालेलं, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. तिने गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"वेसांची गाडी ना? मी पिल्वी. टॅक्सीला वीस मिनिटं आहेत म्हणतात. बसू का जरा?"

मेरवीने दार उघडलं. ना सोनेरी ना काळे. टोपीखाली केसच दिसत नव्हते.

"तुमच्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत," पिल्वी हात चोळत म्हणाली. "म्हणजे, ते कशाबद्दलच बोलत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे."

"पहिल्या फेरीत मी रोज रडायचे. 'पंप बघ.' 'पुन्हा कर.' 'नको.' मला वाटलं हा माणूस मला उतरवणार जहाजावरून. शेवटी गेले कॅप्टनकडे. सांगितलं, हे माझ्यावर कायम चिडलेले असतात."

"मग?"

"मग काय, यांना बोलावलं. यांना धक्काच बसला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, कसं लिहू ते सांग. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. कुठे कुठला चेहरा टाकायचा ते." ती हसली. "आता तो सूर्य आला की मी आधी इंजिनाकडे धावते. वाटतं, काहीतरी बिघडलंय आणि हे गोड बोलून सांगतायत. तुम्हाला सांगितलं असेल ना त्यांनी, कॅप्टनचं?"

"हो," मेरवी म्हणाली. "तेव्हाच."

नव्हतं सांगितलं. जानेवारीअखेर तो घरी होता, सरळ बसून जेवत होता, छतावरचा बर्फ काढत होता. आणि त्याला कुणीतरी 'चिडका' म्हटलं होतं, ते घेऊन तो फिरत होता... आणि मला, जिला त्याच्या टिंबातलं सगळं कळतं, तिला पत्ता नव्हता. म्हणजे ते सूर्य शिकवणीचे होते, खोटे. मग मन हलकं व्हायला हवं होतं. पण बारा फेब्रुवारीची ती ओळ वहीतली नव्हती. ती त्याची होती, उघडी, माझ्यासाठी असते तशी.

टॅक्सी आली. पिल्वी आभार मानून उतरली. मग वेसा आला, मागे बॅग टाकून शेजारी बसला. डिझेल आणि साबणाचा वास. मेरवीने गाडी पुलावर घातली.

"दुपारचा मेसेज बरा वाटला," तो म्हणाला.

"कुठला?"

"'ठीक. येते.' एरवी तू यादी पाठवतेस. मला वाटत राहतं, घरी काय काय अडलंय. आज वाटलं, ही निवांत आहे."

"हो," ती म्हणाली. "निवांत होते."

तो सीटला मान टेकून डोळे मिटून बसला. ती गाडी चालवत राहिली, हळू, रस्ता निसरडा होता. तिला आई गेली तो दिवस आठवत होता. जहाज बर्फात अडकलेलं, आणि वेसाचा मेसेज: 'येऊ शकत नाही. बर्फ. वेसा.' बायकोला मेसेज करताना कुणी खाली नाव लिहितं? त्या नावावर ती नऊ वर्षं जगली होती. त्याला शब्द सुचला नसणार, म्हणून स्वतःच तिथे येऊन उभा राहिला असणार... हे तिने ठरवलं होतं, एकटीने, आणि कधी कुणाला विचारलं नव्हतं. ज्या माणसाला माझा सुरीसारखा मेसेज विश्रांतीसारखा लागला, त्याचं नाव मी बरोबर वाचलं असेन कशावरून? कदाचित जहाजावरचे सगळेच मेसेज तो तसे संपवत असेल.

"वेसा."

"हं."

आणि त्या 'हं'मध्ये ती सवयीने अर्थ भरायला लागली होती: दमलाय, बरं वाटतंय त्याला, लपवतोय... आणि भरणारा हात आपला आहे हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मत्सर होता अजून, छातीत, सकाळच्याच जागी. पण तो आता सूर्याचा नव्हता, त्या ओळीचाही नव्हता. ठेंगणी, लाल नाकाची बाई. पहिल्या फेरीतच ती कॅप्टनकडे जाऊन बोलली होती, यांचं मला कळत नाही म्हणून. आणि तो वही घेऊन तिच्याकडे गेला होता. मला मात्र सगळं कळत होतं.