आईंनी झाकलेलं ग्रहण

माघातलं ऊन मुलुंडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उतरलं, की माझ्या सासूबाई पुठ्ठ्याचं एक खोकं त्याच्यासमोर धरीत. दाढीच्या दोन पात्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून प्रकाश आत शिरे, लोलकातून फाकून रंगांचा पट्टा होई, आणि नीट डोळा लावला तर त्या रंगांत उभ्या, बारीक काळ्या रेषा दिसत. आई मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. शिकवताना त्यांच्या करड्या चेहऱ्यावर जी कोवळीक येई, ती स्वयंपाकघरात मी कधी पाहिली नाही.

“काळी म्हणजे रिकामी नाही हं ती,” त्या मला सांगत. “सूर्याच्या खालच्या तापलेल्या थरातून सगळे रंग निघतात. वरच्या, जरा निवलेल्या वायूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापले रंग टिपतं आणि दाही दिशांना उधळतं. तो रंग आपल्याकडे कमी येतो, म्हणून तिथे काळं दिसतं. खग्रास ग्रहणात बिंब झाकलं, की त्याच रेषा क्षणभर लखलखतात. तेवढं एकदा बघायचंय मला.”

१९८०च्या फेब्रुवारीत ते ग्रहण आलं. खग्रास कर्नाटकात दिसणार होतं आणि आईंचं तिकीटही काढून झालं होतं. पण मला दिवस गेले होते, आणि आधीचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलेलं. माझ्या काळजीपोटी त्या थांबल्या. निदान शाळेच्या गच्चीवर मुलींना खंडग्रास ग्रहण दाखवीन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

त्या दुपारी त्या तिथेही गेल्या नाहीत. त्यांनी खिडक्यांना चादरी लावल्या, ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटका निघतो म्हणतात, तेव्हा माझ्या हाताशी धार नको म्हणून विळी माळ्यावर टाकली, आणि खोक्यातली पातीही उचकटून तिथेच ठेवली.

दोन विद्यार्थिनी दाराशी आल्या. “बाई, चला ना, सगळ्या खोळंबल्यात.”

“मला ताप आहे गं,” दार किलकिलं ठेवून आई म्हणाल्या. त्या आत वळल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“आई, जा तुम्ही. मला काही होत नाही,” मी म्हणाले.

“कळतं मला. सगळं कळतं,” एवढं बोलून त्यांनी पदर तोंडावर घेतला. ग्रहण सुटेपर्यंत आम्ही अंधारात बसून राहिलो. मला त्यांची लाज वाटत होती, आणि ती वाटते म्हणून माझीही.

उन्हाळ्यात मुलगी झाली. आईंनी दुपटं सारून सर्वांआधी तिच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. ओठ अखंड होता. त्यांनी अडवलेला श्वास सोडला. मग मी पाहते आहे हे ध्यानात आलं, आणि जन्मभर फळ्यासमोर ताठ उभी राहिलेली ती बाई शरमेने रडली. काळ्या रेषांचा धडा त्यांनी पुढे दुसऱ्या शिक्षिकेला देऊन टाकला.

मुलगी लहान असतानाच आई गेल्या. “आजी कशी होती गं?” असं ती विचारते, तेव्हा मी त्यांच्या हुशारीबद्दल भरभरून बोलते, पण इतका काळ लोटल्यावरही ओठावरच्या त्या बोटाशी येऊन माझी आठवण मान खाली घालते, आणि आजीचं खरं प्रेम नातीला सांगायचं राहूनच जातं.